भाऊसाहेबांचा तोतया

पानिपतच्या रणांगणावर १४ जानेवारी १७६१ रोजी सदाशिवरावभाऊ पडले. त्यांचे नाव मात्र पडले नाही. पुण्यास बातमी आली ती तुकड्यातुकड्यांनी. कोणी म्हणे भाऊ पडले, कोणी म्हणे निसटले. शुजाउद्दौल्याच्या पदरच्या काशीराज पंडिताने पाठीवरील जुन्या वाराच्या व्रणावरून प्रेताची ओळख पटल्याचे लिहून ठेवले आहे. पण शनिवारवाड्यातल्या बायकामाणसांना त्याचा काय उपयोग? भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई यांनी पतीचे निधन मानले नाही, कुंकू पुसले नाही. ही मोकळी राहिलेली जागा एका माणसाने हेरली.

हा बुंदेलखंडाकडचा कनोजा ब्राह्मण, सुखलाल नावाचा. थोरल्या माधवरावांच्या कारकीर्दीत तो पकडला गेला, चौकशीत खोटा ठरला आणि किल्ल्यावर कैदेत पडला. प्रकरण मिटले, असेच कोणासही वाटले असते.

पण १७७२ साली माधवराव वारले, पुढच्याच वर्षी नारायणरावांचा खून झाला, गादीवर तान्हे मूल आले आणि कारभाऱ्यांचे राघोबादादांशी वैर जुंपले. अशा वेळी, १७७६ साली, रत्नागिरीचा अंमलदार रामचंद्र नाईक परांजपे याने हा कैदी मोकळा केला आणि भाऊसाहेब म्हणून पुढे आणला! पाहता पाहता कोकणातले किल्ले त्याच्या हाती गेले, वीसेक हजार फौज जमली आणि तोतया बोरघाटापर्यंत येऊन भिडला.

एकदा खोटा ठरलेला माणूस पुन्हा खरा झाला कसा? लोक भोळे होते, हे उत्तर आम्हांस पुरेसे वाटत नाही. पुष्कळांना तो भाऊ असणे सोयीचे होते. शिवाय पहिल्या चौकशीचा निकाल दरबारास ठाऊक असला, तरी घाटाखालच्या साध्या रयतेपर्यंत तो कितीसा पोचला असेल? महादजी शिंदे व भिवराव पानसे यांनी तोतयास मागे रेटले, रघुजी आंग्र्यांनी त्यास धरले. नाना फडणीस स्वतः पानिपतावरून जीव घेऊन परतलेले, भाऊंना चांगले ओळखणारे. तरीही केवळ आपल्या शब्दावर त्यांनी काम भागवले नाही. पुण्यात पुन्हा रीतसर चौकशी झाली, आणि डिसेंबर १७७६ मध्ये तोतयास देहान्त शासन झाले.

आजचा तोतया फौज घेऊन येत नाही. त्याला आपला आधार क्रमांक, पॅन आणि फोनवर आलेले चार आकडे पुरतात. मग आपल्या नावावर कर्ज निघते आणि वसुलीवाला आपल्या दारी येतो. मेलेल्या माणसाचे नाव तर त्याला फारच सोयीचे, कारण तक्रार करायला कोणी उठत नाही. म्हणून घरातले माणूस गेले की बँकेस लवकर कळवावे. जिवंतांनी ओटीपी कोणास सांगू नये, आधारच्या बोटांच्या ठशांना कुलूप घालून ठेवावे. आपल्या नावावर मोबाईलच्या किती जोडण्या आहेत, हे सरकारच्या ‘संचार साथी’वर दिसते, कर्जे किती, हे पतमाहिती कंपन्यांच्या अहवालात दिसते आणि तो वर्षातून एकदा फुकट मिळतो. घात झालाच तर प्रथम बँकेस कळवावे, लगेच १९३० हा क्रमांक फिरवावा आणि पोलिसांत लेखी तक्रार देऊन तिची पोच घ्यावी. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ सी खाली या गुन्ह्यास तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाखापर्यंत दंड आहे. फसलेली माणसे पुष्कळदा लाजेने गप्प बसतात. तोतयाला याहून अधिक काय हवे असते?

इकडे पुण्यात तोतयाचा निकाल लागला, तरी पार्वतीबाईंचा प्रश्न सुटला नाही. समोर आलेला मनुष्य भाऊ नव्हे, एवढेच त्या चौकशीने ठरले; भाऊ कोठे आहेत, हे ती सांगू शकत नव्हती. १७८३ साली त्या वारल्या, तोवर कपाळावर कुंकू होते.