मरायचं ठरलेल्या १३१ पेशी

डाळिंब लावणाऱ्या शेतकऱ्यापुढे 'सूत्रकृमी' म्हणालात, तर त्याला मुळांवरच्या गाठी आठवतील. मी ज्याच्याबद्दल लिहितोय तो त्याच खानदानातला, पण कुणाच्या अध्यात ना मध्यात. नाव सी. एलेगन्स. लांबी जेमतेम १ मिलिमीटर, खाणं जीवाणू, आणि अंग इतकं पारदर्शक की आतल्या पेशी सूक्ष्मदर्शकातून जिवंतपणीच दिसतात. अंड्यापासून पुन्हा अंड्यापर्यंतचा संसार साधारण साडेतीन दिवसांत उरकतो.

जनुकं शरीर कसं घडवतात आणि वागणं कसं ठरवतात, हे एकाच साध्या प्राण्यात शोधायचं, असा बेत सिडनी ब्रेनर यांनी १९६३ मध्ये केंब्रिजला मांडला. पुढे त्यांनी या कृमीची निवड केली. काम तसं आडदांडच: रसायन देऊन जनुकं बिघडवायची आणि पुढच्या पिढ्यांत काय बिनसलं ते पाहायचं. १९७४ च्या निबंधात त्यांनी सुमारे १०० जनुकं नोंदवली. त्यांपैकी ७७ बिघडली की कृमीची चालच बिघडायची.

पण मला या इतिहासात सगळ्यात मोठे वाटतात ते जॉन सल्स्टन. एका पेशीचं अंडं विभागत विभागत कृमी कसा होतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. रोज चार-चार तासांच्या दोन बैठका, अशी सुमारे दीड वर्ष. दिसेल ते हाताने काढायचं. १९८३ मध्ये भ्रूणाची ही पेशी-वंशावळ छापून आली. आपल्याकडचे वहीवाले भाटही इतकी चोख ठेवत नसतील.

त्या वंशावळीत एक विचित्र गोष्ट होती. उभयलिंगी कृमीत १०९० पेशी जन्मतात, उरतात ९५९. मधल्या १३१ मरतात. प्रत्येक कृमीत त्याच पेशी, ठरल्या वेळी. अपघात नाही, आजार नाही. शेजारच्या पेशी त्यांना गिळून टाकतात.

मग हे मरण कोण ठरवतं? सल्स्टनबरोबर काम केलेले रॉबर्ट हॉर्विट्झ अमेरिकेत एमआयटीला गेले होते. १९८६ मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेने दाखवलं, की सेड-३ किंवा सेड-४ हे जनुक निकामी केलं तर मरणाऱ्या पेशी मरतच नाहीत. जास्तीच्या पेशी अंगात घेऊन तो कृमी बऱ्यापैकी सुखाने जगतो, हे मला अजून नवल वाटतं. सेड-९ चं काम उलटं, मरण रोखण्याचं. ते बिघडलं तर जगायच्या पेशीही मरू लागतात.

सेड-९ चा माणसातला भाऊबंद म्हणजे बीसीएल-२. हे जनुक डॉक्टरांना आधीच माहीत होतं, लसिकाग्रंथींच्या कर्करोगामुळे. तिथे ते अतिरेक करतं आणि मरायला हव्या त्या पेशी जगत राहतात. १९९२ मध्ये माणसाचं बीसीएल-२ कृमीत घातलं, तर तिथेही पेशींचं मरण कमी झालं.

२००२ चं नोबेल ब्रेनर, सल्स्टन आणि हॉर्विट्झ यांना मिळालं. आणि २०१६ मध्ये अमेरिकेत रक्ताच्या एका कर्करोगासाठी मान्य झालेलं व्हेनेटोक्लॅक्स हे औषध याच बीसीएल-२ च्या प्रथिनाला अडवतं, म्हणजे अडून बसलेल्या पेशी मरायला मोकळ्या होतात.