मुलाच्या मापाची वस्तू : अंगणवाडीपासून मोबाईलपर्यंत

सानगडीत बोलायचं म्हणजे किल्ल्यापासून सुरुवात करायची, हे ओघानंच आलं. पण आज आपण तलावापासून सुरुवात करू. साकोली तालुक्यात, किंबहुना सगळ्या भंडारा जिल्ह्यात, जुने मालगुजारी तलाव आहेत. आपण त्यांना मामा तलाव म्हणतो. कोहळी लोकांनी ते बांधले, तेव्हा जास्तीचं पाणी निघून जायला सांडवा ठेवला आणि शेताला लागेल तेवढंच पाणी सोडायला तुडूम ठेवलं. पूर आला की गावानं रात्रभर पाळीवर जागत बसावं, अशी ती योजना नव्हती. काळजी बांधकामातच घातलेली होती.

आजचा विषय मोबाईलचा आहे. मुलं जी ॲप, जे गेम, जे व्हिडिओ वापरतात, ते घडवतानाच मुलांच्या सुरक्षिततेचा आणि भल्याचा विचार कसा व्हावा, हा प्रश्न. तो नवा वाटतो, पण महाराष्ट्रात त्याला शंभर वर्षांचा इतिहास आहे. तो आधी पाहू.

१९२६ साली गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी नूतन बालशिक्षण संघ काढला. पुढे १९४५ मध्ये ताराबाई बोर्डीला गेल्या. तेव्हाचा ठाणे जिल्हा, आताचा पालघर. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. माँटेसरीची साधनं महाग होती, गावाला परवडणारी नव्हती. म्हणून शंख-शिंपले, बिया, पानं, खडे, माती यांतून साधनं तयार झाली. आदिवासी पाड्यांतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. पुढे १९५७ पासून कोसबाडला काम वाढलं आणि गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा निघाली. मूल कुठं आहे, दिवसभर काय करतं, त्याच्या हाताला काय सापडतं, हे आधी बघायचं आणि वस्तू त्याप्रमाणे बेतायची, ही ती रीत. १९७५ मध्ये केंद्राची एकात्मिक बालविकास योजना आली, तेव्हा तिच्या केंद्रांना 'अंगणवाडी' हेच नाव मिळालं. आज गावोगावी आहे ती हीच.

दुसरी गोष्ट मुंबईची, १९९६ सालची. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत जेरू बिलिमोरिया यांच्या पुढाकारानं चाइल्डलाइन सुरू झाली. रस्त्यावरच्या मुलांसाठी फोन. आता बघा, त्या मुलांकडे पैसे नाहीत, पत्ता नाही, बऱ्याच जणांना वाचता येत नाही. म्हणून कॉल फुकट ठेवला, पीसीओवरून लागेल असा. नंबर १०९८. मुलं त्याला 'दस नौ आठ' म्हणत. उलटी मोजणी आहे, अक्षरओळख नसली तरी डोक्यात बसते. तंत्रज्ञान मुलाच्या मापाचं करणं म्हणजे काय, याचं याहून सोपं उदाहरण आम्हाला माहीत नाही.

तिसरी गोष्ट १९९९ ची. दिल्लीच्या कालकाजीत सुगत मित्रांनी भिंतीत संगणक बसवला आणि मुलांना मोकळा दिला. पुढे आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातही तसे संगणक बसले. त्यातून मुलं किती शिकली, यावर पुष्कळ वाद झाले. पण एक गोष्ट लक्षात घ्या. ती स्क्रीन उघड्यावर होती. चार पोरं मिळून बघत होती, येणारा-जाणारा पाहत होता. एकटं पोर आणि एकटी स्क्रीन, असं तिथं होत नव्हतं.

मग बदललं काय? वस्तू बनवणारा आणि मूल यांच्यातलं नातं बदललं. २००६ मध्ये अझा रास्किन यांनी न संपणारं स्क्रोल तयार केलं. पान संपतच नाही, बोट थांबत नाही. पुढे त्यांनीच त्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. मग एक व्हिडिओ संपला की दुसरा आपोआप सुरू होऊ लागला. यांत सांडवा राहिला नाही असं नव्हे, तो बुजवला गेला. कारण माणूस जितका वेळ थांबेल, तितकी जाहिरातीची कमाई.

२०१६ मध्ये स्वस्त डेटा आला आणि मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' असं आपल्याकडे म्हटलं गेलं. ते सुरू राहिलं बापाच्या फोनवर. म्हणजे शाळेनंच मोबाईल मुलाच्या हाती दिला, आणि तो मोठ्यांसाठी बनवलेला होता. अभ्यासाची ॲपही यातून सुटली नाहीत. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेनं २०२२ मध्ये ४९ देशांतली शिक्षणाची ॲप आणि संकेतस्थळं तपासली. त्यात आपलं सरकारी 'दीक्षा'ही होतं. मूल नेमकं कुठं आहे ते टिपण्याची सोय त्यात आढळली. धडा वाचायला मुलाचा ठावठिकाणा कशाला हवा, एवढाच साधा प्रश्न.

यावर गावांनी आपापलं उत्तर शोधलं. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावनं २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजवायला सुरुवात केली. दीड तास टीव्ही आणि मोबाईल बंद, पोरं अभ्यासाला. त्याच वर्षी नोव्हेंबरात आपल्या विदर्भातल्या, पुसद तालुक्यातल्या बान्सी गावानं ठराव केला : अठरा वर्षांखालच्यांना मोबाईल नाही. या दोन्ही गावांबद्दल आम्हाला आदर आहे. पण नीट बघितलं तर हे रात्रभर पाळीवर जागणं झालं. भोंगा साडेआठला थांबतो आणि ॲप जसं होतं तसंच असतं. सरसकट बंदी केली, तर अभ्यासाचं साधनही त्याच फोनबरोबर जातं.

बनवणाऱ्यावर जबाबदारी टाकणारा कायदा आता आला आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या नवव्या कलमात, अठरा वर्षांखालच्या मुलाचा डेटा वापरायला पालकांची पडताळता येणारी संमती लागते. मुलाच्या वागण्यावर पाळत ठेवायला आणि त्याला हेरून जाहिराती दाखवायला मनाई आहे. काही अपवाद ठेवले आहेत. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य तरतुदींना अठरा महिन्यांची मुदत मिळाली.

पण इथं एक पेच आहे. या कायद्यात एक मूल, एक खातं, असं गृहीत आहे. आपल्या घरांत फोन एक, खातं वडिलांचं आणि वापरणारी तीन पोरं. ॲपच्या नजरेला तिथं चाळीस वर्षांचा शेतकरी दिसतो. मग ही मनाई लागू कुणाला होणार?

ब्रिटननं २०२० मध्ये वेगळा रस्ता घेतला. तिथल्या संहितेत पंधरा निकष आहेत. ती फक्त 'मुलांसाठी' असं लिहिलेल्या ॲपना लागत नाही, मुलं वापरण्याची शक्यता आहे अशा सगळ्यांना लागते. खासगीपणाची कडक सेटिंग आधीपासूनच चालू ठेवायची, ठिकाण टिपणं बंद ठेवायचं, मुलाला चुचकारून जास्तीची माहिती काढायची नाही. वापरणाऱ्याचं वय पक्कं ठरवता येत नसेल, तर हे निकष सगळ्यांनाच लावता येतात. आपल्या सामायिक फोनला हे जास्त जुळतं, असं आम्हाला वाटतं. फोन हातात कुणाच्याही असो, सांडवा चालूच राहतो.

तेव्हा गावात भोंगा लावायचा असेल तर जरूर लावा. पण ग्रामसभेत ठराव घ्याल, तेव्हा त्यात आणखी एक ओळ घाला. शाळेनं किंवा सरकारनं मुलांना कुठलंही ॲप सांगण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात : ते मुलाची कोणती माहिती घेतं, ते आपणहून थांबतं का, आणि काही बिघडलं तर मुलानं 'दस नौ आठ'इतक्या सहज कुणाला सांगायचं? ताराबाईंनी बालवाडी अंगणात नेली, कारण मूल तिथं होतं. आज मूल स्क्रीनवर आहे. बनवणाऱ्यांनी तिथं यावं, ही मागणी आपली आहे आणि ती करायला कुठल्या इंजिनिअरची परवानगी लागत नाही.

आता तुमचे प्रश्न घेऊ.