ऑफ-रोड वाहनात एअर कॉम्प्रेसर बसविताना...

राजस्थानातील जैसलमेरपासून सुमारे ४० किलोमीटरवर असलेल्या सम येथील वाळूच्या टेकड्यांवर गाडी चढवायची असेल, तर अनुभवी चालक प्रथम चाकांतील हवा कमी करतो. ३२ पीएसआय दाबाचे टायर १५ पीएसआयपर्यंत उतरविले की ते पसरतात, गाडीचे वजन अधिक क्षेत्रावर विभागले जाते आणि चाके वाळूत सहसा रुतत नाहीत. खरा प्रश्न परतताना उभा राहतो. डांबरी रस्त्यावर कमी हवेच्या टायरच्या बाजू सतत दुमडतात, तापतात आणि वेग वाढताच टायर फुटण्याचा धोका निर्माण होतो. 'पुढच्या पंपावर हवा भरू' असे म्हणत कापलेले अंतरच अनेकदा सर्वांत धोक्याचे असते. गाडीतच कायमस्वरूपी बसविलेला एअर कॉम्प्रेसर हे त्यावरचे उत्तर आहे. मात्र तो चुकीच्या पद्धतीने बसविल्यास सुरक्षिततेचे हे साधनच आगीचे कारण ठरू शकते.

हवेचा हिशेब

२५५/६५ आर १८ या मापाच्या टायरमध्ये अंदाजे ६० लिटर जागा असते. दाब १५ वरून ३२ पीएसआयवर न्यायचा तर प्रत्येक टायरला बाहेरची सुमारे ७० लिटर हवा लागते. म्हणजे चार टायरना २८० लिटर. मिनिटाला ३० लिटर हवा देणाऱ्या छोट्या पंपाला त्यासाठी किमान नऊ-दहा मिनिटे लागतील, तर ७० लिटर क्षमतेच्या यंत्राला चार. दाब वाढतो तशी हवेची आवक घटत असल्याने प्रत्यक्षात याहून अधिक वेळ गृहीत धरावा. खरेदी करताना 'ड्युटी सायकल' हा आकडाही पाहावा. तो ५० टक्के असेल, तर यंत्र जितका वेळ चालेल तितकाच वेळ त्याला विश्रांती द्यावी लागते.

जागेची निवड

बॉनेटखाली यंत्र बसविल्यास बॅटरी जवळ राहते, पण तेथे उष्णता अधिक असते. सायलेन्सरच्या पाइपापासून दूर, शक्य तितक्या उंचावर आणि हादरे सोसेल अशा मजबूत ब्रॅकेटवर ते बसवावे. ओढे-नाले ओलांडणाऱ्या गाडीत हवा आत घेणारा फिल्टर पाण्याच्या पातळीच्या वर राहिला पाहिजे. आसनाखालची जागा थंड व स्वच्छ असते. तेथे आवाज मात्र सोसावा लागतो आणि वायर लांबते.

वायरिंग : सर्वांत नाजूक भाग

सिगारेट लायटरचे सॉकेट सामान्यतः १० ते १५ अँपिअर प्रवाहासाठी असते. मोठा कॉम्प्रेसर २५ ते ३० अँपिअर किंवा त्याहून अधिक प्रवाह ओढतो. म्हणून त्याला थेट बॅटरीवरून स्वतंत्र वायर द्यावी लागते. बॅटरीच्या धन टोकापासून एका वितीच्या आत फ्यूज असावा. तो दूर असेल आणि मधली वायर घासून गाडीच्या पत्र्याला टेकली, तर फ्यूज असूनही वायर पेटू शकते. पत्र्यातून वायर नेताना छिद्राला रबरी ग्रोमेट लावण्याचे कारणही हेच.

वायरची जाडीही महत्त्वाची. जाण्या-येण्याची मिळून चार मीटर लांबीची १.५ चौरस मिलिमीटरची वायर ३० अँपिअरला सुमारे १.४ व्होल्ट गमावते. यंत्र मंदावते आणि वायर तापते. ६ चौरस मिलिमीटरच्या वायरीत ही घट साधारण ०.३५ व्होल्टवर येते. डॅशबोर्डवरील बटणातून हा सारा प्रवाह न नेता रिले वापरावा. रिले इग्निशनशी जोडल्यास किल्ली काढल्यावर यंत्र चालत नाही. नव्या गाड्यांत बॅटरीच्या ऋण टोकावर प्रवाह मोजणारा सेन्सर असू शकतो. अशा वेळी अर्थ उत्पादकाने नेमलेल्या जागीच द्यावा.

टाकी हवी का?

केवळ टायर भरायचे असतील तर टाकी अनिवार्य नाही. रिमवरून सुटलेला ट्यूबलेस टायर पुन्हा बसविण्यासाठी मात्र एकदम मोठ्या प्रमाणात हवा लागते; तेथे टाकी उपयोगी पडते. टाकीला सेफ्टी व्हॉल्व्ह, ठरावीक दाबाला यंत्र बंद करणारा प्रेशर स्विच आणि साचलेले पाणी काढण्याची तोटी हवीच. कॉम्प्रेसरमधून निघणारी हवा अतिशय गरम असल्याने पहिली नळी साधी प्लॅस्टिकची न वापरता धातूच्या जाळीचे आवरण असलेली वापरावी.

जुन्या जीपमध्ये वातानुकूलन यंत्रणेचा कॉम्प्रेसर इंजिनच्या पट्ट्यावर चालवून त्यातून हवा घेण्याची युक्ती हौशी मंडळी करीत आली आहेत. हवा भरपूर मिळते. पण या यंत्राला वंगण गॅससोबत फिरणाऱ्या तेलातून मिळत असल्याने तेलाची वेगळी व्यवस्था न केल्यास ते जाम होते.

चाचणी आणि कायदा

काम संपल्यावर प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी लावून गळती तपासावी. दहा मिनिटे यंत्र चालवून, ते बंद केल्यावर वायर व फ्यूजधारक हाताला गरम लागतात का, हेही पाहावे. कॉम्प्रेसर नेहमी इंजिन सुरू ठेवूनच चालवावा, अन्यथा आडरानात बॅटरी उतरण्याची वेळ येते. वॉरंटीवर होणाऱ्या परिणामाची विक्रेत्याकडून लेखी विचारणा आधीच करून घ्यावी.

हवा हाताशी आली की अनेकांना कर्णकर्कश हॉर्न जोडण्याचा मोह होतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११९ नुसार बहुसुरी व कर्कश हॉर्नला मनाई आहे. या हवेची खरी गरज आहे ती डांबरी रस्त्याला लागण्यापूर्वी चारही टायरचा दाब पूर्ववत करण्यासाठी.