डॉरमाउस
कृंतक गणाच्या ग्लिरिडी कुलातील निशाचर प्राणी. दिसायला उंदरासारखा असला तरी जनुकांच्या अभ्यासानुसार तो खारींना अधिक जवळचा. या कुलाचे सर्वांत जुने जीवाश्म यूरोपात सापडतात. ते इओसीन काळातील, सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. सिसिली व माल्टा बेटांवर एके काळी लीथिया हा महाकाय डॉरमाउस होता. तो नामशेष झाला.

यूरोपातील हेझल डॉरमाउस जेमतेम २० ग्रॅम वजनाचा असून सारा हिवाळा शीतनिद्रेत काढतो. त्याचे पश्चिमी आणि पूर्वेकडील असे दोन जनुकीय वंश आहेत. म्हणून एका वंशाचे प्राणी दुसऱ्याच्या प्रदेशात सोडणे धोक्याचे. शीतनिद्रेचा काळ सोडला तर हा डॉरमाउस जमिनीवर सहसा उतरत नाही. त्यामुळे झुडपांची कुंपणे तोडली की वनांचे तुकडे पडतात, तेथील लहान गट एकाकी होतात आणि अंतःप्रजनन वाढून जनुकीय विविधता घटते. इंग्लंडमध्ये १९९३ पासून या प्राण्यांचे पुनर्वसन चालू आहे. मात्र सलग झाडोरा राखल्याशिवाय ते टिकणार नाही.

दक्षिण पश्चिम घाटातील मलबारी काटेरी डॉरमाउस नावापुरताच डॉरमाउस आहे. त्याचे कुल प्लॅटाकँथोमायिडी.