नळीतून पुढे जाते ते आणि मागे राहते ते

गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी-मोरगाव तालुका हा तलावांचा मुलूख होय. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी तलाव बांधण्याची विद्या येथे पिढ्यान्‌पिढ्या जोपासली. नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय हे तिचे ठळक उदाहरण. त्याच टापूत प्रतापगडची डोंगरी उभी आहे. या मुलखातील शेतकऱ्यास एक गोष्ट कोणी शिकवावी लागत नाही. वरच्या तलावाचा सांडवा खालच्या तलावात उतरतो आणि खालच्या तलावाचे पाणी धानाच्या बांधीत जाते. परंतु बांधीत काय घडले हे सांगावयास ते पाणी पुन्हा वर चढत नाही. आज आम्हांस ज्या विषयाचा इतिहास मांडावयाचा आहे, तो संगणकाच्या आज्ञावलीचा आहे. त्यातील मर्म मात्र हेच आहे.

प्रथम दोन शब्दांचा खुलासा करू. संगणकास टंकलिखित आज्ञा द्यावयाची, तर ती वाचून कामाला लावणारा एक कारभारी लागतो. त्यास शेल म्हणतात. एका कार्यक्रमाचे फलित परस्पर दुसऱ्या कार्यक्रमाच्या हाती देण्याची जी सोय, तीस पाइप, म्हणजे नळी, असे नाव आहे. दोन आज्ञांच्या मध्ये एक उभी रेघ ओढली की नळी जोडली गेली. मतदारयादीतून एका गावाच्या ओळी निवडणारा एक कार्यक्रम, त्या अनुक्रमाने लावणारा दुसरा आणि मोजणारा तिसरा, असे तीन कारागीर एका ओळीत बसविता येतात. कोणासही दुसऱ्याचे काम ठाऊक असण्याची गरज पडत नाही.

ही कल्पना प्रथम मांडली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेचे डग्लस मॅकिलरॉय यांनी. १९६४ सालच्या ऑक्टोबरात लिहिलेल्या एका टिपणात त्यांनी सुचविले की, बागेतील रबरी नळीचे तुकडे जसे हवे तसे एकमेकांस जोडता येतात, तसे कार्यक्रमही जोडता आले पाहिजेत. त्या वेळी युनिक्सचा जन्मही झाला नव्हता. १९६९ साली केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सचा पाया घातल्यावरही काही वर्षे मॅकिलरॉय यांचा आग्रह चालूच राहिला. अखेर १९७३ साली थॉम्पसन यांनी एका रात्रीत नळीची सोय करून टाकली. तोपर्यंत एका कार्यक्रमाचे फलित तात्पुरत्या फायलीत साठवावे आणि दुसऱ्याने ते तेथून उचलावे, अशी रीत होती. नव्या सोयीने ती धरसोड संपली.

नळीची अंतर्रचना पाण्याच्या व्यवहारास फार जवळची आहे. तिच्यात थोडी साठवण असते. पूर्वी ती ४,०९६ बाइटांची होती. आजच्या लिनक्समध्ये ती सामान्यतः ६५,५३६ बाइटांची असते. साठवण भरली की लिहिणारा थांबतो, रिकामी झाली की वाचणारा थांबतो. वाचणारा कायमचा उठून गेला, तर लिहिणाऱ्यास इशारा मिळून तोही काम सोडतो. दोघेही एकाच वेळी चालतात आणि एकमेकांच्या चालीने चालतात.

येथवर सर्व सुखाचे आहे. अडचण उद्भवते ती हे कारागीर जन्मास कसे येतात त्यातून. युनिक्समध्ये नवी प्रक्रिया निर्माण करावयाची म्हणजे चालू प्रक्रियेची हुबेहूब प्रत काढावयाची. या क्रियेस फोर्क म्हणतात. प्रतीस मुळाजवळची सर्व माहिती मिळते; पण त्या क्षणापासून दोघांचे संसार वेगळे होतात. प्रतीने आपल्या वहीत काही खोडले किंवा लिहिले, तर मुळाच्या वहीस त्याचा पत्ता लागत नाही. शेलने स्वतःची अशी प्रत काढून तिच्याकडून काम करविले, तर त्या प्रतीस सबशेल म्हणतात.

याचा पहिला चटका खुद्द जनकांनाच बसला. रिची यांनी ती हकीकत पुढे युनिक्सच्या इतिहासात मोकळेपणाने नमूद केली आहे. फोर्कची पद्धत सुरू होताच, एका दप्तरातून दुसऱ्या दप्तरात जाण्याची साधी आज्ञा अचानक निकामी झाली. शोधाशोध केल्यावर कारण सापडले. ती आज्ञा आता प्रतीकडून पाळली जात होती. प्रत निमूटपणे दुसऱ्या दप्तरात जाई आणि तेथेच संपे. मूळ शेल जागच्या जागीच राही. म्हणून ती आज्ञा शेलच्या स्वतःच्या पोटात घ्यावी लागली, आणि आजही ती तेथेच आहे.

१९७९ साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर स्टीफन बोर्न यांचे शेल बाहेर पडले आणि शेलमध्ये खरीखुरी कार्यक्रमरचना होऊ लागली. नाव दिलेल्या किमती, म्हणजे चल, आणि एकच काम पुनःपुन्हा करविणारी आवर्तने हाताशी आली. त्याबरोबर जुनी अडचण नव्या वेषात पुढे आली. प्रतापगडावर महाशिवरात्रीस यात्रा भरते. समजा, पायथ्याशी एका कारभाऱ्याने शून्य हा आकडा लिहून वही उघडली, तिची नक्कल एका स्वयंसेवकास दिली आणि वर जाणाऱ्या रांगेतील माणसे मोजावयास सांगितले. स्वयंसेवकाने प्रामाणिकपणे मोजणी केली, पण काम संपताच आपली नक्कल फाडून तो घरी गेला. पायथ्याच्या वहीत शून्यच राहिले. नळीच्या शेवटी आवर्तन ठेवून त्यात चलाची किंमत वाढविली, तर पुष्कळ शेलांमध्ये नेमके हेच होते. आवर्तन सबशेलमध्ये चालते आणि बाहेर येऊन पाहावे तर मोजणी शून्य. दोषसूचना नाही, तक्रार नाही.

यावर एकमत झाले नाही, हा या इतिहासाचा मनोरंजक भाग आहे. डेव्हिड कॉर्न यांनी १९८३ साली जगापुढे मांडलेल्या शेलमध्ये नळीतील शेवटचे काम मूळ शेल स्वतःच करते, म्हणून तेथे मोजणी टिकते. १९९० सालच्या झेड-शेलनेही तोच मार्ग धरला. ब्रायन फॉक्स यांचे १९८९ चे बॅश मात्र नळीतील प्रत्येक काम प्रतीकडे सोपविते. १९९२ साली शेलची प्रमाणसंहिता सिद्ध झाली, तेव्हा तिने दोन्ही रीती ग्राह्य ठरविल्या. २०११ साली बॅशनेही, मागितल्यास, शेवटचे काम स्वतः करण्याची सोय दिली. तात्पर्य, अक्षरशः तीच आज्ञावली एका शेलमध्ये बरोबर उत्तर देते आणि दुसऱ्यात शून्य.

दुसरा धोका याहून गंभीर आहे. नळीतील कामे यशस्वी झाली की नाही, हे ठरविताना शेल रूढीने फक्त शेवटच्या कामाकडे पाहते. एखाद्या कचेरीत रात्री नोंदींची प्रत काढून ती दाबून ठेवण्याची आज्ञा आहे, असे समजा. प्रत काढणारा कार्यक्रम अर्ध्यावर कोलमडला, पण दाबून ठेवणाऱ्याने हाती आले तेवढे नीट बांधले. शेल म्हणते, काम फत्ते! गरज पडेल त्या दिवशी गाठोडे उघडावे, तर आत अर्ध्याच नोंदी. यावर उपाय म्हणून, कोणतेही काम फसले तर सारी नळी फसली असे मानण्याची सोय प्रथम १९९३ च्या कॉर्न शेलच्या परंपरेत आली. २००४ साली ती बॅशमध्ये आली आणि प्रमाणसंहितेत २०२४ साली.

ही प्रतींची पद्धत मुळातच चुकीची होती काय? आमचे मत तसे नाही. कंसात घातलेल्या आज्ञा सबशेलमध्ये चालतात. तेथे दप्तर बदलावे, किमती बदलाव्यात, आणि बाहेर आल्यावर घर जसेच्या तसे सापडावे, हा मोठाच लाभ आहे. एकाची घाण दुसऱ्याच्या पाण्यात मिसळत नाही, म्हणूनच अनोळखी कारागीर निर्धास्तपणे एका रांगेत बसू शकतात. मात्र त्याची अट पाळली पाहिजे. मोजणी हवी असेल, तर ती प्रतीच्या वहीत ठेवू नये. नळीच्या तोंडातून बाहेर काढून मूळ शेलच्या हाती द्यावी, किंवा आवर्तनास नळीऐवजी थेट फायलीतून वाचावयास लावावे.

हा विषय आपल्यापासून दूरचा नाही. नागपूरच्या यशवंत कानेटकरांनी युनिक्स शेलवर लिहिलेला ग्रंथ देशभरच्या विद्यार्थ्यांनी अभ्यासला आहे, आणि पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्रातील परम मालिकेचे आजचे महासंगणक लिनक्सवरच चालतात. याद्या, देयके, पावत्या यांचे आकडे आज अशाच नळ्यांतून वाहत आपल्यापर्यंत येतात. तेव्हा कोणी कागदावर शून्य दाखविले, तर मोजण्यासारखे काहीच नव्हते, की मोजणारा आपली वही घेऊन निघून गेला, एवढे विचारण्याचा अधिकार नागरिकांनी बजावावा. तलाव बांधणाऱ्यांच्या मुलखास हा प्रश्न विचारणे जड जाऊ नये. पाणी कोठवर पोचले हे पाहावयाचे, तर बांधापर्यंत चालत जावे लागते, हे त्यास केव्हाच ठाऊक आहे.