उंच जीप, तिरका शाफ्ट आणि १९४५ चा शेतकरी

मागच्या वेळी जीप उंच केल्याचे फोटो टाकले होते. पुढे काय झालं ते लिहायची जरा लाजच वाटत होती. आज लिहूनच टाकतो.

जुनी महिंद्रा सीजे-३बी, फोर बाय फोर. पाट्यांना लांब शॅकल लावून जीप उचलली, मोठे टायर घातले. मागचा प्रॉपेलर शाफ्ट आखूड पडला म्हणून एका गॅरेजमध्ये पाइप कापून, जोड देऊन लांब करून घेतला. पन्नासच्या पुढे गेलं की बूड थरथरायचं. म्हटलं, टायरचा आवाज असेल. मोहोळच्या अलीकडे एका पुलाच्या चढावर धाडकन आवाज झाला आणि शाफ्ट रस्त्यावर. जीप थांबवली, हॅंडब्रेक ओढला, उतरलो... तर जीप हळूहळू मागे निघाली! मागच्या सीटवर भाची बसलेली. धावत जाऊन पाय ब्रेकवर दाबला, भाचीला उतरवलं आणि तिनेच दगड आणून चाकामागे लावला. या जीपचा हॅंडब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसच्या मागे ड्रमवर असतो. शाफ्ट गेला की हॅंडब्रेकही गेला. हे मला ठाऊक नव्हतं. मोठ्या टायरची किंमत मात्र पाठ होती.

तुटका शाफ्ट जीपमध्ये टाकला, फोर-व्हील लावलं आणि नुसत्या पुढच्या चाकांवर हळूहळू चिंचोळी एमआयडीसी गाठली. तिथे मामांचं छोटं मशीनशॉप आहे. ही वसाहत सोलापूर-पुणे रस्त्यावर आहे. सोलापूर म्हटलं की लोकांना चादरी आठवतात, पण प्रिसिजन कॅमशाफ्ट्सचा कारखाना याच वसाहतीत आहे आणि तिथले कॅमशाफ्ट परदेशी गाड्यांच्या इंजिनात जातात. मामांनी शाफ्टकडे एकदाच बघितलं. "का बे, दोन्हीकडचे कान एका रेषेत नाहीत की! वेल्डिंग करताना कुणी बघितलंच नाही काय?"

इथून खरा इतिहास सुरू होतो.

दोन तिरक्या दांड्या जोडणारा क्रॉस ही कल्पना फार जुनी. सतराव्या शतकात रॉबर्ट हूकने तिचा अभ्यास केला. या जोडात एक खोड आहे. आत जाणारा वेग एकसारखा असला तरी बाहेर येणारा वेग दर फेऱ्यात दोनदा कमी-जास्त होतो. दहा अंशांच्या कोनाला हा फरक दीड टक्का वर-खाली, वीस अंशांना सहा टक्के. म्हणजे कोन दुप्पट, तर त्रास चौपट. जीप उंच केली की ट्रान्सफर केस वर जाते, ऍक्सल खालीच राहतो आणि कोन वाढतो. त्यात जीपचा व्हीलबेस जेमतेम ८० इंच, त्यामुळे मागचा शाफ्ट मुळातच आखूड.

यावर उपाय म्हणजे दुसरा क्रॉस. दोन्ही टोकांचे कोन सारखे आणि कान एका रेषेत असतील तर पहिल्याची चूक दुसरा पुसून टाकतो. कान फिरले तर पुसायच्या ऐवजी तीच चूक वाढते. माझ्या शाफ्टमध्ये नेमकं हेच झालं होतं. त्यात लांब शॅकलमुळे हाउसिंगचं नाक वर वळलेलं, म्हणजे कोनही सारखे नाहीत. एका प्रोग्रॅममध्ये दोन बग. :-)

गाड्यांमध्ये हा क्रॉस रुळला तो क्लॅरन्स स्पायसरमुळे. त्या काळी बऱ्याच गाड्या सायकलसारख्या साखळीवर चालत. कॉर्नेलमध्ये शिकत असताना त्याने शाफ्टसाठी सुधारित जोड बनवला, १९०३ मध्ये पेटंट मिळवलं आणि १९०४ मध्ये धंदा सुरू केला. पुढे दुसऱ्या महायुद्धातल्या विलिस जीपचे ऍक्सल आणि ट्रान्सफर केस स्पायसरचेच होते. कंपनीचं नाव १९४६ मध्ये डेना झालं.

आता गंमत बघा. लष्करी विलिस एमबीचं क्राउन-पिनियन ४.८८ चं होतं. युद्ध संपलं आणि १९४५ मध्ये विलिसने तीच जीप शेतकऱ्यासाठी सीजे-२ए म्हणून आणली. नांगर ओढायचा तर ताकद हवी, म्हणून क्राउन-पिनियन ५.३८ चं केलं आणि ट्रान्सफर केसचा लो गियर १.९७ वरून सुमारे २.४६ वर नेला. पहिला गियर धरून गुणाकार केला तर लष्करी जीपमध्ये इंजिनाच्या साधारण २६ फेऱ्यांना चाकाचा एक फेरा होतो, शेतकऱ्याच्या जीपमध्ये ३७ फेऱ्यांना. महिंद्राने १९४७ पासून मुंबईत विलिस जीपा जोडायला सुरुवात केली. पुढे आपल्याकडे आलेल्या सीजे-३बीलाही हाच ५.३८ चा वारसा मिळाला.

मूळचा ६.००-१६ टायर सुमारे २८ इंच उंच. ३१ इंची घातला की ५.३८ चं काम ४.९ सारखं होतं. म्हणजे जवळजवळ लष्करी जीप! मोठ्या टायरसाठी लोक महागडं क्राउन-पिनियन शोधत फिरतात, आणि ती सोय १९४५ च्या शेतकऱ्यासाठी आधीच करून ठेवलेली. मात्र अदलाबदली खूप झाल्यात, तेव्हा हाउसिंग उघडून दात मोजा: ४३ भागिले ८ म्हणजे ५.३८.

मामांनी खर्चाचा क्रम लावून दिला तो असा. आधी उंची कमी करा, लागेल तेवढीच ठेवा. मग पाटा आणि ऍक्सलमध्ये पाचर घालून हाउसिंगचं नाक ट्रान्सफर केसला समांतर आणा. नवा पाइप, कान एका रेषेत, बॅलन्सिंग, चांगले क्रॉस आणि वेळेवर ग्रीस. शाफ्टखाली पट्टीचा कडा, तुटला तरी जमिनीत रुतू नये म्हणून. टायर मोठे झाले की ब्रेक कमी पडतात, तेव्हा पैसे तिथे घाला. डिफरन्शियल लॉक सगळ्यात शेवटी. माझ्या शाफ्टचं सगळं बिल एका टायरपेक्षा कमी झालं. २०१० च्या थारला पुढे पाटेच नव्हते, स्वतंत्र सस्पेन्शन होतं. ते ताणून उंच केलं की पुढच्या सीव्ही जॉइंटवर ताण येतो, तेव्हा हा हिशेब तिथे जसाच्या तसा लावू नका.

आणि कायदा? मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार मूळ रचनेत बदल चालत नाहीत. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावलं. म्हणून मी लांब शॅकल आणि मोठे टायर दोन्ही काढले. जीप आता मूळच्या उंचीवर आहे, थरथरत नाही.

भाची मात्र अजून बसण्याआधी विचारते, "मामा, दगड घेतलास ना?"

घेतो. सीटखाली ठेवलाय.