लक्ष्मीबाईंचं नाव आणि एक तळटीप



श्रुतपंचमी जवळ आली की माझ्याकडे हमखास एखाद्या ट्रस्टचं पत्रक येतं. दिघ्यातल्या आमच्या घरात, स्वयंपाक आवरला की डायनिंग टेबलावर लॅपटॉप उघडायचा आणि मजकूर लावायला बसायचं. संस्थांचं काम म्हणजे पैसे कमी आणि मजकूर जास्त! यंदाचं पत्रक चार पानी होतं, विषय षट्खंडागमाचा इतिहास. मजकूरही मीच लिहिला होता. प्रूफ पाहून कमिटीतल्या एका काकांचा फोन आला, "ताई, देणगीदारांची नावं वाढलीत. ती लक्ष्मीबाई आणि खालची तळटीप काढा, जागा होईल."

या दोन गोष्टी काय आहेत, ते सांगते.

धवला टीकेसह षट्खंडागमाची ताडपत्रं कित्येक शतकं मूडबिद्रीच्या सिद्धांत बसदीत होती. लोक दर्शन घ्यायचे, वाचायचं कुणी नाही. लिपी जुनी कन्नड. सोलापूरचे हिराचंद नेमचंद दोशी (१८८५ मध्ये 'जैन बोधक' सुरू करणारे तेच) आणि मुंबईचे माणिकचंद हिराचंद जव्हेरी यांनी खटपट केली, तेव्हा कुठे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नक्कल करायला सुरुवात झाली. पण अट अशी की नक्कल बाहेर जाता कामा नये. नक्कल करणाऱ्यांत गजपती उपाध्याय होते. त्यांनी गुपचूप आणखी एक प्रत कन्नड लिपीत तयार केली, आणि त्यात त्यांना मदत होती पत्नी लक्ष्मीबाईंची. ती प्रत सहारनपूरला पोहोचली आणि तिथून पुढे नकलांच्या नकला निघाल्या. चोरून केलेलं काम बरोबर की चूक, यावर आमच्या घरी एकदा जेवणं थंड होईपर्यंत वाद झालाय. मला विचाराल तर त्या दोघांनी ते केलं नसतं, तर छपाईला आणखी किती वर्षं लागली असती कोण जाणे.

छापण्यालाही विरोध होताच. तो निव्वळ हट्ट नव्हता. त्या काळी शाईचे रूळ सरस आणि काकवी शिजवून ओतत, आणि सरस निघतो जनावरांच्या कातडी-हाडांतून. त्यावरून फिरलेली जिनवाणी कशी हातात धरायची? शिवाय छापील कागद रस्त्यावर पडणार, पायाखाली येणार, तो अविनय वेगळाच.

तरीही १९३९ मध्ये अमरावतीहून पहिला खंड निघाला. संपादक डॉ. हीरालाल जैन, तिथल्याच कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक. सोबतीला कोल्हापूरचे डॉ. आ. ने. उपाध्ये. पान बघण्यासारखं आहे. प्राकृत-संस्कृत मूळ वेगळं, हिंदी अनुवाद वेगळा, तळाशी बारीक टाइपात टिपा. खिळे जुळवून हे एका पानात बसवणं, आणि तेही प्रत्येक पानावर! मी माउसने ओढते तरी वैतागते.

पहिल्या खंडातलं ९३ वं सूत्र मनुष्यिणींविषयी आहे. हाती आलेल्या नकलांत तिथे 'संजद', म्हणजे संयत, हा शब्द नव्हता. संदर्भ पाहता तो असायला हवा, असं संपादकांना वाटलं. त्यांनी सूत्रात स्वतःहून शब्द घुसवला नाही. तळटीप दिली. स्त्रीला संयम कुठवर शक्य आहे, हा प्रश्न त्या एका शब्दाला चिकटलेला, त्यामुळे पंडितांत मोठा वाद पेटला. पुढे मूडबिद्रीच्या ताडपत्राशी ताडून पाहिलं, तर शब्द तिथे होता. नक्कल करताना गळला होता.

काकांना मी फोनवर एवढंच म्हटलं, "जागा मी करते."

देणगीदारांची यादी अर्धा पॉइंट लहान केली, कव्हरवरची सोनेरी वेलबुट्टी काढली. मागच्या पानावर भगवंतांचा फोटो होता, तोही काढला, पत्रक दिघा गाव स्टेशनवर कुणाच्या पायाखाली येईल म्हणून. त्यावर मात्र काका लगेच हो म्हणाले. तळटीप आणि लक्ष्मीबाई दोन्ही बसल्या. काल फाइल प्रेसला गेली.